महानंदाच्या वावरातलं वजाचं चिन्ह

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "आळंदीला गेली होतीस म्हणे?"

"आळंदी नाही काकू, आळंद. कर्नाटकातलं. अक्कलकोटच्या पलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यात."

"तिथे काय गं बघायला?"

मी म्हणाले, "मैत्रिणीची चूक."

काकू हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी अजिबात चेष्टा करत नव्हते. तिकीट काढलं, कोरड्या चिवड्याची पिशवी भरली, रजा टाकली, ते सगळं महानंदाची चूक डोळ्यांनी बघायला. जमलं तर ती तिला न सांगता मनात ठेवून परत यायचं, असाही बेत होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी सोज्वळ समजायला नको.

आमचा धंदा थोडा सांगावा लागेल. मी आणि महानंदा अणूंचं गणित करतो. प्रयोगशाळा, पांढरा डगला, असलं काही नाही. कागद, पेन्सिल, कॉम्प्युटर आणि चिडचिड. क्वांटम कॉम्प्युटरच्या एका प्रकारात लेसरच्या प्रकाशात एकेक अणू पकडून ओळीनं बसवतात. शेजारशेजारच्या दोघांचं आपसात काही बोलणं व्हावं म्हणून त्यांना दोन रंगांच्या प्रकाशानं फुगवावं लागतं. प्रकाश किती जोराचा लावला की अणू किती फुगेल, हा आकडा आम्ही आधी कागदावर काढून देतो. त्याच्यावर विसंबून प्रयोगवाले आपली यंत्रं लावतात.

अणूला खालून वर चढायला मध्ये दोन पायऱ्या असतात, म्हणजे वर जायच्या दोन वाटा. दोन्ही वाटा अणू एकदमच चालतो, ते कसं ते विचारू नका. कधी या वाटांची बेरीज होते आणि उत्तर मोठं येतं, कधी वजाबाकी होते आणि उत्तर एवढंसं उरतं. अधिक की वजा, एवढ्यावर सगळं असतं.

बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं एका जड धातूच्या अणूसाठी हा आकडा आम्हा दोघींकडे मागितला. वेगवेगळा, एकमेकींना न दाखवता काढायचा. आमच्यात ही रीतच आहे, दोघांचं जुळलं तर विश्वास ठेवायचा. पाकिटं उघडली तर माझा आकडा एवढासा आणि महानंदाचा भला मोठा. मी वजा केलं होतं, तिनं अधिक. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी लिहिलं, पुढच्या आठवड्यात आम्ही प्रत्यक्ष मोजणार आहोत, तोवर हवं तर पुन्हा बघा. ज्यांचा आकडा खरा ठरेल त्यांनी आमच्या नव्या प्रकल्पाची गणिताची बाजू सांभाळावी.

तो प्रकल्प मला हवा होता. माझं वय आता असं आहे की यानंतर कुणी बोलावणार नाही, समित्यांवर घेतील आणि हारतुरे देतील. आणि समोर कोण, तर महानंदा! हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारी, मी महिनाभर डोकं आपटायचे ते भज्याला पीठ कालवता कालवता सोडवणारी. मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून ती पाच-सहा वर्षांपूर्वी गावाकडे जाऊन राहिली, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटले. तर बाई माडीवर इंटरनेट घेऊन बसली आणि तिथून जास्तच काम करायला लागली.

तिचाच फोन आला. "वैशे, आकडे बगितलीस का? लईच गंमत झाली की! येळवसच्या सणाला ये. बसून बगू."

गंमत म्हणे.

मन्नाएखेळ्ळी, चुकून

मला उतरायचं होतं उमरग्याला. तिथून आळंद जवळ. पण सोलापूरनंतर माझा डोळा लागला तो उघडला तेव्हा बाहेर सगळ्या पाट्या कानडी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, उमरग्याला गळा फाटंपर्यंत ओरडलो. तुमी हूं म्हणलात आन् कूस बदललात." त्यानं मला मन्नाएखेळ्ळीला हायवेवर उतरवलं. हे हुमनाबादच्याही पुढे, म्हणजे मी जवळजवळ हैदराबादच्या वाटेला लागले होते.

रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग, टायरची दुकानं, पेरूचे ढीग. चहाच्या गाड्यावर एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला रुमाल, एकाच वाक्यात तीन भाषा बोलत होते. गिऱ्हाइकाला कानडीत बोलवायचे, पोऱ्यावर दख्खनीत खेकसायचे, आणि मला बघून मराठीत आले.

"कुणाकडं जायलात, अक्का?"

मी गावाचं नाव सांगितलं आणि, करायला नको ते केलं, महानंदाचं नाव सांगितलं.

"व्हय! अणूवाल्या अक्का की!" त्यांनी बशी पुढे सरकवली. "हितं शाळंत येऊन गेल्या. येवढं येवढं असतंय म्हणल्या, त्याला उजेडानं धरायचं म्हणल्या. माझ्या नातीला कळलं, मला न्हाई कळलं, पर बोलल्या लई ग्वाड. तुमी बी तसलंच काम करता का?"

"हो."

"मग त्यांच्याकडं शिकायला जायलात म्हना!"

चहा गोड होता, तरी कडू लागला. मी वीस वर्षं शिकवते. पुण्यात माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला वाटतं मी केमिस्ट आहे, खोकल्याचं औषध विचारतो. आणि इथे, मी चुकून उतरले त्या गावात, चहावाल्याला महानंदा माहीत!

त्यांनी पैसे घेतले नाहीत. अणूवाल्या अक्कांचे पाहुणे म्हणून. म्हणजे तो चहासुद्धा तिचाच.

हुमनाबाद ते आळंद

मागे फिरून हुमनाबादला आले. स्टँडवर कानडी पाट्या वाचता येईनात, त्यामुळे दर बसला मान वर करून विचारायचं. एका बाईनं माझा दंड धरून कलबुर्गीच्या बसमध्ये ढकललं, खिडकीची जागा दिली आणि पिशवीतून शेंगाची चटणी लावलेली भाकरी हातात ठेवली. "ऊटा?" म्हणाली. जेवलीस का, एवढं मला कळलं. आमच्याकडे बसमध्ये अनोळखी माणसानं खायला दिलं तर घेऊ नये अशी पाटी असते. मी मुकाट खाल्लं. त्या चटणीत लसूण किती होता ते पुढे आळंदपर्यंत लक्षात राहिलं.

कलबुर्गीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर. मी आयुष्यभर तूर फक्त डाळीच्या रूपात बघितलेली. इथे ती डोक्याच्या वर उंच, शेंगांनी वाकलेली, मैलोन् मैल. मध्ये कुठे ज्वारीचा हिरवा पट्टा, काळी जमीन, आणि वर नुसतं आभाळ. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे गिझर दिसतात. ही रोज हे बघून गणित करते, मग हिला सुचणार नाही तर काय!

आळंदच्या स्टँडवर महानंदा स्कूटी घेऊन उभी होती. काळीसावळी, सडसडीत, केसात एक पांढरा नाही. मी दर पंधरा दिवसांनी रंगवते.

"उमरग्याला उतर म्हणले तर बिदर जिल्हा बगून आलीस व्हय?" असं म्हणून तिनं भर स्टँडवर मला मिठी मारली. "बारीक झालीस गं!"

मी बारीक झालेली नाही. तेवढं एक खोटं ती बोलली.

माडीवर

घरात तिची आई, थोरला भाऊ अण्णा, आणि तिचा नवरा दिगंबर. दिगंबर औरादकडचे, आळंदच्या शाळेत मास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. घर मूळचं मेंढपाळांचं. आजोबापर्यंत कळप होता, आता तूर आणि ज्वारी. आईनं माझ्या पायावर पाणी घातलं आणि विचारलं, "लेकी, तू बी हिच्यासारकीच दिसत न्हाई त्येचा हिशेब करतीस?"

"हो मावशी."

"मग तुमा दोगीत शानी कोण?"

महानंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "ती!" आणि ते तिनं मनापासून म्हटलं, हाच तर वैताग. कुणी खोटी स्तुती केली तर निदान राग तरी धरता येतो.

चहा झाल्यावर माडीवर बसलो. खिडकीखाली म्हैस, टेबलावर दोन मोठे पडदे, कोपऱ्यात तुरीची पोती. तिनं आपलं सगळं गणित माझ्यासमोर उघडून ठेवलं. सगळं! कुठे अडखळली, कुठे अंदाज धरला, कुठे शंका आहे, सगळं दाखवलं. मी माझं दाखवताना पान अर्धं हाताखाली धरून बसले होते, परीक्षेत बसतात तसं. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, किंवा आलं असेल.

तिची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते. माझे आकडे जिथे थकतात त्याच्या पुढे तिचे दशांशाची दोन घरं जातात. एकेक तुकडा ताडून बघितला. वाटांची लांबीरुंदी जुळत होती, फक्त एका वाटेचं चिन्ह उलटं. कुठून उलटलं ते काही सापडेना. शेवटी कोनांच्या हिशेबाचा भाग आला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुजाच की! हॉस्टेलात लिवलेला. मी त्येला हात बी लावले न्हाई."

"तपासलास?"

"वैशालीचं तपासायचं कामून?" ती म्हणाली आणि पुढच्या पानावर गेली.

मी जरा फुगले, खरं सांगते. आणि फुगले म्हणून मला तेव्हा काही दिसलं नाही. खालून आईनं हाक मारली, उद्याच्या भज्जीचे दाणे सोलायला. उद्या येळवस.

येळवस

पुस्तकातलं नाव वेळ अमावस्या. लातूर, उस्मानाबाद आणि हा सीमेचा पट्टा सोडला तर कुणाला माहीत नाही. त्या दिवशी गावात कुत्रंही नसतं. सगळं गाव वावरात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक कोप करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा होते, मग ज्वारीची आंबील मडक्यातून घेऊन बांधाबांधानं शिंपडत सगळ्या रानाला प्रदक्षिणा घालायची, अर्ध्या कानडी आरोळ्या देत. रान जेवलं की मग माणसं.

आणि जेवण! भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, पीठ, सगळं एका मोठ्या पातेल्यात रटरटून घट्ट केलेलं. बाजरीचे वाफवलेले उंडे, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर. आणि ताकातली लसणाची गार आंबील, वाट्यांवर वाट्या. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, त्याला हाताला धरून वावरात ओढतात आणि पानावर बसवतात. नाही म्हणणं हा अपमान. आमच्या पुण्यात पाहुण्याला "जेवूनच आला असाल ना" असं विचारतात, आणि मीही विचारते.

पूजा झाली. अण्णा आंबिलीचं मडकं घेऊन बांधावर गेले, आणि निम्मं रान करून परत आले, कारण पाहुणे येऊन थडकले होते आणि यजमान त्यांनी असायला हवं होतं. त्यांनी मडकं मास्तरांच्या हातात दिलं. "पैला निम्मा झाला. मागला तुमी करून या, मास्तर." मास्तर धोतर खोचून गेले. तूर एवढी उंच की कोण कुठल्या बांधानं जातंय ते दिसायचं नाही, नुसत्या आरोळ्या ऐकू यायच्या. मास्तर आले, सगळे बसलो, पहिली वाटी तोंडाला लावली.

एवढ्यात मावशी मावळतीच्या बांधाकडून तरातरा आल्या.

"मावळतीकडं थेंब न्हाई! निम्मं रान उपाशी ठिवलात की रे!"

"मी शिंपडलो," अण्णा म्हणाले. "उगवतीच्या बांधानं हिरीपत्तोर. पैला निम्मा उगवतीचा, आपल्यात कायम."

"मी पण शिंपडलो," मास्तर म्हणाले. "मागला निम्मा. उगवतीच्याच बांधानं."

"उगवतीचा तर मी केलो!"

"आमच्या गावात मावळतीचा बांध आधी करतात. पहिला निम्मा झाला म्हणलात, म्हणजे मावळती झाली. मग राहिली उगवती. मी उगवती केली."

"अवो पर हे गाव कुणाचं?"

"ते मला सांगायला पाहिजे होतं!"

पाहुण्यांत हशा पिकला. मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दोगं बी बराबर, आन् बांद कोरडा."

माझी वाटी हातातच थांबली.

इलेक्ट्रॉनला दोन तऱ्हेचं फिरणं असतं. एक अणूच्या मध्याभोवतीचा फेरा, दुसरी त्याची स्वतःची गिरकी. दोन्हींचा मिळून हिशेब करताना आधी फेरा मांडायचा की आधी गिरकी, यात आमच्यात दोन घराणी आहेत. दोन्ही बरोबर. उत्तर तेच येतं, फक्त काही पायऱ्यांवर चिन्ह उलटं पडतं, आणि शेवटपर्यंत एकच रीत पाळली तर ते उलटं पडणं आपोआप मिटतं. आमचे सर गिरकी आधी मांडणारे. हॉस्टेलात मी लिहिलं ते त्यांच्या रीतीनं. पुढे मी रीत बदलली, माझं सगळंच नव्यानं लिहिलं. महानंदाचं बाकीचं सगळं गणित फेरा आधी मांडणारं, आणि त्याच्या पोटात माझा जुना तुकडा, गिरकी आधी मांडणारा. अण्णा आणि मास्तर. एक बांध दोनदा ओला आणि दुसरा कोरडा.

माझा आकडा बरोबर होता. तिचा चुकला होता. मी जिंकले होते, हातात आंबील धरून, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मी वाटी तोंडाला लावली आणि गप्प राहिले.

दुपार

मास्तर आणि अण्णा मिळून मावळतीचा बांध करायला गेले, भांडत. मला शेजारच्या वावरात ओढलं, मग त्याच्या शेजारच्या. प्रत्येक ठिकाणी भज्जी, प्रत्येक ठिकाणी आंबील. पोटाला तडस लागली तरी वाढणाऱ्या बायका थांबेनात. आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. बोलले नाही तर आठवड्यानं प्रयोगाचं उत्तर येईल, माझ्या आकड्याशी जुळेल, प्रकल्प माझा. बोलले तर ती एक ओळ बदलेल, आकडे जुळतील, आणि तिची पद्धत माझ्यापेक्षा दोन घरं पुढे. मग ते मला कशाला घेतील? मी काही चोरी करत नव्हते. चूक तिची होती. आपली चूक आपण शोधावी, मी काय म्हणून शोधून द्यायची? वर्षानुवर्षं तिला सगळं आयतं सुचत आलं, एकदा मला सुचलं तर तेही तिला वाढायचं?

असा जळफळाट करत मी कुणाच्या तरी घोंगडीवर बसले होते. महानंदा शेजारी. एका म्हातारीनं तिला विचारलं, "ही कोण गं?"

"ही वैशाली, पुण्याची. मी म्हणते न्हव, हॉस्टेलातली? माझ्या गणिताचा पाया हिनं घातलाय, आजी. त्या पायाकडं मी बगत बी न्हाई. हिचं चुकतच न्हाई."

आजीनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि आणखी एक उंडा वाढला.

आणि मला एकदम दिसलं, पुढच्या आठवड्यात काय होईल ते. हिचा आकडा पडेल. लोक विचारतील कुठे चुकलं. शोधतील. आणि कोनांच्या हिशेबापाशी येऊन म्हणतील, इथे, हा जुना तुकडा, वैशालीचा. माझा! अहो, माझा तुकडा बरोबर आहे! मी लिहिलेल्या ओळीवर कुणी बोट ठेवावं? अंगाची लाहीलाही झाली. लोकांना वाटेल मी मनाच्या मोठेपणानं बोलले. छे! मला ते सहनच होईना.

"नंदे, ऊठ."

"कामून?"

"ऊठ म्हणते ना!"

तिला हाताला धरून तुरीत ओढत नेलं. शेंगा तोंडावर आपटत होत्या. बांधावर उभी करून मी जवळजवळ ओरडलेच. "माझ्या जुन्या तुकड्यात गिरकी आधी आहे! सरांच्या रीतीनं! तुझ्या बाकीच्यात फेरा आधी. दोन्ही मिसळलीस, म्हणून चिन्ह उलटलं. माझं बरोबर आहे, तुझं बरोबर आहे, पण एकत्र चुकलं. तपासायचं असतं गं! कुणाचंही असलं तरी तपासायचं असतं!"

महानंदानं आभाळाकडे बघितलं. ओठ हलत होते. मग तिचा चेहरा असा उजळला की मला मारावंसं वाटलं.

"अण्णा आन् मास्तर!" ती म्हणाली, आणि हसत हसत बांधावर खाली बसली. "अगं अण्णा आन् मास्तर!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी उभी होते, घामाघूम, आणि बघत होते. माझी चूक कुणी दाखवली की मी आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही. ही आपल्या चुकीला सिनेमासारखी बघत होती.

विहिरीच्या कठड्यावर फोनला रेंज येते. तिथे बसून तिनं फोनवरूनच दूरच्या कॉम्प्युटरला ती एक ओळ बदलून दिली. तोवर आम्ही शेंगा खाल्ल्या. उत्तर आलं. माझाच आकडा, आणि पुढे तिची ती जास्तीची दोन घरं.

"जुळलं की गं!" म्हणाली, आणि तिथेच बसून प्रयोगशाळेला मेल लिहिली. मला वाचून दाखवली. माझा आधीचा आकडा चुकीचा होता. वैशालीचा बरोबर आहे. चूक तिनंच शोधली, कारण खाली देते. बस्स, एवढीच. माझी चूक कबूल करायला मला आयुष्यात कधी पानभर मजकूर पुरलेला नाही. ती पुढे आणखी काहीतरी लिहीत होती, पण मावशींनी खिरीसाठी हाका मारायला सुरुवात केली होती.

परत

दुसऱ्या दिवशी परतायला सोलापूरमार्गे सरळ बस होती. पण महानंदाला हुमनाबादला काम होतं, म्हणाली तिथून पुण्याची गाडी पकड. पिशवीत तूर, ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, उरलेले उंडे. हुमनाबादच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा ती सहज म्हणाली, "वैशे, तुला कळलं ते पैल्याच वाटीला न्हव?"

"कशावरून?"

"तुजी वाटी थांबली. तुला कायतरी सुचलं की हातातलं भांडं थांबतंय. हॉस्टेलापासून बगायले मी."

"मग विचारलं का नाहीस?"

"कामून विचारू? सांगणारच व्हतीस की."

मी सांगणार नव्हते. हे तिला सांगायला तोंड उघडलं, तर गाडी सुटली आणि ती हात हलवत मागे राहिली. पुन्हा तेच, मला तपासायचं नाही.

संध्याकाळी गाडी सोलापूरच्या पुढे हायवेवरच्या एका ढाब्यावर थांबली तेव्हा फोनवर प्रयोगशाळेच्या प्रमुखांची मेल दिसली. दोन्ही आकडे आता एकच आहेत, तेव्हा मोजणीतून निवड होणार नाही. महानंदा यांनी काल आपलं नाव मागे घेतलं आहे. त्यांनी लिहिलं आहे की ज्या बाईला दुसऱ्याच्या गणितातली चूक शेतात बसून सापडते, आणि सापडल्यावर गप्प बसवत नाही, तिला घ्या. आपण प्रकल्पाची जबाबदारी घ्याल का?

मी ती मेल उभ्यानं वाचली. समोर ट्रक धुरळा उडवत होते. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तेही तिनं वाढलेलं, पानात, आग्रह करून, नाही म्हणता येणार नाही असं. बरं, तिनं लिहिलेलं कारणही खोटं. गप्प बसवत नाही म्हणे!

फोन लावला. म्हटलं, "मिळालं."

पलीकडून एवढा मोठा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. ती ओरडत जिन्यानं खाली धावत होती, "अव्वा! अण्णा! वैशीला मिळालं!" मावशींचा आवाज, अण्णांचा आवाज, मास्तर कुणाला तरी गूळ आणायला सांगत होते, मधेच म्हैस ओरडली. कुणी फोन ठेवेना. मी ढाब्याच्या बाकावर बसून सगळं ऐकत राहिले. बातमी माझी होती, आणि तिच्या घरात ती जेवढी साजरी होत होती, तेवढा आनंद मला अजून झालेला नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.